झुडपाची उंची कात्रीने ठरवू नये

पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात नव्या गृहसंकुलाच्या फाटकातून आत शिरले की कुंपणाची भिंत आणि वाहनतळ यांच्यामधल्या दोन फुटी पट्ट्यात काय लावलेले असेल, हे न बघताही सांगता येते. पिवळ्या पानांचा ड्युरांटा, तांबूस अ‍ॅकॅलिफा आणि कोपऱ्यांवर गोल कापलेले फायकस. तिन्ही सदाहरित, स्वस्त आणि झटपट वाढणारे. आणि तिन्ही त्या जागेसाठी चुकीचे. ड्युरांटा मोकळा सोडला तर माणसाच्या डोक्यावरून जातो. अ‍ॅकॅलिफाही तसाच फोफावतो. फायकस तर वडा-पिंपळाच्या गोतातला वृक्ष. त्याचा दोन फुटी चेंडू टिकवायचा तर तो जगेल तितकी वर्षे त्याला कापत राहावे लागते.

आटोपशीर सदाहरित झुडूप हवे असेल तर ते मुळातच आटोपशीर वाढणारे निवडावे, असे माझे म्हणणे आहे. कात्रीच्या धाकाने लहान राहिलेले झुडूप आटोपशीर नसते. त्याच्या वाढीशी आपण चालवलेला तो कायमचा झगडा असतो. वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. पण त्यात पाणी, माळ्याची मेहनत, फुलपाखरे आणि विदर्भात तर संत्र्याच्या बागासुद्धा गुंतलेल्या आहेत.

आधी कात्रीचे बघू. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा अंकुश सुटतो, बाजूचे डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. कुंपण दाट होते ते यामुळेच. म्हणून छाटणीच वाईट, असे मी म्हणणार नाही. नव्या रोपाचा शेंडा पहिल्या वर्षी दोन-तीनदा खुडला नाही तर ते खालून उघडे राहते, हे कुठलाही माळी सांगेल. बिघडते ते दर पंधरा दिवसांनी एकाच रेषेवर कात्री फिरवल्याने. सगळी पालवी बाहेरच्या चार बोटांच्या थरात गोळा होते, आत ऊन पोचत नाही, आतली पाने गळतात आणि नुसत्या काटक्या उरतात. असे कुंपण दुरून हिरवेगार दिसते. पालवी हाताने बाजूला सारून पाहा, आत वाळका सांगाडा असतो. कधी रुंदी कमी करायची वेळ आली आणि त्या थराच्या आत कापले, तर तिथून पुन्हा फूट येईलच याची खात्री नसते.

त्यात आपल्याकडची बहुतेक कुंपणे वर रुंद आणि बुडाशी अरुंद होत जातात, कारण जोमदार वाढ नेहमी वरच्या बाजूला असते. वरच्या पालवीची सावली खालच्या पानांवर पडते आणि काही वर्षांत बुंधे उघडे पडतात. मग समिती म्हणते, झुडपे म्हातारी झाली, बदला. झुडपे म्हातारी झालेली नसतात, उपाशी असतात. छाटायचेच असेल तर बुड रुंद आणि माथा थोडा अरुंद ठेवावा, म्हणजे जमिनीपर्यंत ऊन पोचते. ही एवढी गोष्ट सांभाळली तरी आहे ती कुंपणे कितीतरी वर्षे जास्त टिकतील.

दुसरे नुकसान फुलांचे. ड्युरांट्याची फुले फांद्यांच्या टोकांना येतात आणि कात्री नेमकी तीच टोके घेऊन जाते. मोकळ्या ड्युरांट्याला निळ्या-जांभळ्या फुलांचे लोंबते घोस येतात, त्यांच्यावर फुलपाखरांची गर्दी होते, मागाहून नारिंगी मण्यांसारखी फळे धरतात. (ही फळे विषारी आहेत, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ हे झुडूप नको, हे जाता जाता सांगायला हवे.) वर्षानुवर्षे त्याच्या शेजारून ये-जा करणाऱ्या कित्येकांना ड्युरांट्याला फूल येते हेच ठाऊक नसते. पिवळ्या रंगासाठी तो लावतात, पण त्या पानांत हरितद्रव्य कमी असल्यामुळे तो पिवळेपणा भर उन्हातच टिकतो. इमारतीच्या सावलीत तोच ड्युरांटा हिरवट आणि विरळ होतो. म्हणजे रंग मिळत नाही, फूल मिळत नाही, आणि माळ्याचा निम्मा वेळ कापण्यात आणि कापलेले गोळा करण्यात जातो. खत घालणे, माती भुसभुशीत करणे, कीड वेळेवर ओळखणे ही त्याच्या खऱ्या कसबाची कामे मागे पडतात. चांगल्या माळ्याला आपण केशकर्तनाचे काम लावून ठेवले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भूमितीच्या आकारात कापलेल्या झुडपांची ही हौस आपल्याकडे आली ती युरोपातून. सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायच्या राजवाड्याभोवती आखलेल्या बागा हे तिचे सर्वांत गाजलेले रूप. तिथे बॉक्सवुड नावाचे झुडूप वापरत. बारीक पानांचे, अतिशय संथ वाढणारे. म्हणजे त्या लोकांनीही मुळात लहान राहणारे झुडूपच निवडले होते! आपण आकार उचलला, त्यामागची निवड तेवढी मागे ठेवली. आणि तिकडेही या एकसुरी लागवडीची किंमत मोजावी लागलीच. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये बॉक्सवुडवर पाने झडवणारा बुरशीजन्य रोग दिसला, २००७ च्या सुमारास पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्या जर्मनीत सापडल्या आणि पुढे युरोपभर पसरल्या. एकाच जातीच्या मैलोगणती ओळी असल्यामुळे रोगाला आणि अळीला वाटेत कुठे अडथळाच नव्हता. शेकडो संकुलांत एकच ड्युरांटा लावणाऱ्या आपल्या शहरांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडचे कापीव झुडपांचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मुंबईत मलबार हिलवरचे फिरोजशाह मेहता उद्यान, लोकांच्या तोंडी हँगिंग गार्डन. प्राण्यांच्या आकारात कापलेली तिथली झुडपे पाहायला पिढ्यान्‌पिढ्या मुले आली आहेत. १८८० च्या दशकात हे उद्यान झाले ते पाण्याच्या मोठ्या जलाशयाच्या छपरावर. तिथे खोल मुळांच्या मोठ्या वृक्षांना वावच नव्हता. उथळ मातीत तग धरणारी झुडपे हाच योग्य पर्याय होता. आज वाहनतळाच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती टाकून पोडियम बागा होतात, तिथे अडचण अगदी हीच असते. अशा जागी झुडूपच हवे, हे मला मान्य आहे. पण कुठले, हे मातीची खोली पाहून ठरवावे. फायकसची मुळे स्लॅबचे जलरोधक थर आणि नळ यांच्या फटी शोधत जातात, म्हणून पोडियमवर तो लावणे हा तर उघड धोका आहे.

झुडूप मुळात आटोपशीर असते म्हणजे काय, हे पाहायला महाबळेश्वरला जावे. तिथल्या पठारावरचे अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे रान सदाहरित आहे आणि बुटके आहे. पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, जांभ्यावरचा मातीचा पातळ थर आणि कड्यावरून येणारा सततचा वारा यांनी ते तसे घडवले. अंजनीची पाने लहान, जाड, चकचकीत. उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. त्या रानाचा माथा कुणी छाटल्यासारखा दिसतो, आणि तिथे कात्री कधी लागलेली नाही. इतके देखणे, इतके काटक झाड आपल्या डोंगरावर असताना रोपवाटिकेत ते क्वचितच मिळते, कारण त्याची वाढ संथ आहे आणि संथ वाढणारे रोप विकणाऱ्याला परवडत नाही. संथ वाढ हाच ज्या झुडपाचा गुण, तोच बाजारात दोष ठरतो. माझ्या मते मुळातली चूक इथे आहे. झुडूप किती लवकर भरते यावर आपण त्याची किंमत करतो; पण जे लवकर भरते ते तिथे थांबत नाही.

सदाहरित असण्याचीही एक किंमत असते, आणि ती पाण्यात मोजावी लागते. सह्याद्रीच्या पूर्वेला देशावरची मूळ वनस्पती बहुतांशी पानझडी आहे. पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. उरलेल्या महिन्यांत पाने टाकून देणे ही इथल्या झाडांची पाणी वाचवण्याची रीत. अशा मुलखात बारा महिने हिरवे राहायचे, तर झुडपाकडे एक तर चामड्यासारखे जाड पान हवे किंवा आपल्याकडे टँकर हवा. रोप घेताना पान बोटांत धरून पाहावे. अ‍ॅकॅलिफाचे रुंद, मऊ पान एप्रिलच्या दुपारी मान टाकते. करवंदाचे जाड, गुळगुळीत पान त्याच उन्हात ताठ असते.

करवंदावरून एक जुनी गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून इंग्रजांनी पंजाबपासून बऱ्हाणपूरपर्यंत एक कुंपण घातले. आधी वाळक्या काट्यांचे घालून पाहिले. वाळवी, वणवा आणि वादळ यांच्यामुळे त्याचा बराच भाग दरवर्षी नव्याने उभारावा लागे. मग जिवंत कुंपणाकडे वळले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्याचे नाव जोडले गेले तो अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात हे कुंपण सांभाळणाऱ्या जकात खात्याचा आयुक्त होता. त्याने प्रत्येक टापूची माती आणि पाऊस पाहून तिथे तगणारी देशी काटेरी झुडपे निवडली: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंगासारखे थोर. गरिबाच्या मिठावर पहारा करणारे ते कुंपण अन्यायाचे हत्यार होते, आणि १८७९ मध्ये कुंपणाने आखलेली ती जकातीची सीमारेषा रद्द झाली हे चांगलेच झाले. पण एवढ्या लांबीची जिवंत भिंत पाइपलाइन आणि ठिबकाशिवाय उभी राहिली ती प्रत्येक ठिकाणी तिथले झाड लावल्यामुळे, हा भाग लागवड करणाऱ्याने शिकून घ्यावा असा आहे.

हेच शहाणपण आपल्या शेताच्या बांधांवर केव्हापासूनचे आहे. अडुळशाचे कुंपण बांधावर टिकते, कारण पान कडू असल्याने शेळी त्याला तोंड लावत नाही. घरात कुणाला खोकला झाला की तीच पाने काढ्याला येतात. जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारांत मेंदीचे कुंपण असे. ती उन्हाला दाद देत नाही, कशीही कापली तरी फुटते, आणि कापलेली पाने श्रावणात हातांवर चढतात. छाटणीचा कचरा ज्या कुंपणात कामाला येतो त्यात कात्री चालली तरी मला तक्रार नाही.

तेव्हा कुठे काय लावावे? सगळीकडे चालेल अशी यादी देता येत नाही, आणि दिली तर ती याच लेखाच्या विरोधात जाईल. पण काही ठिकाणचे सांगतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची आम्लधर्मी माती एक्झोऱ्याला मानवते. तिथे त्याची बुटकी जात दोन-तीन फुटांवर आपसूक थांबते आणि वर्षातला बराच काळ फुललेली असते. तोच एक्झोरा सोलापूर किंवा संभाजीनगरच्या चुनखडीयुक्त मातीत, बोअरवेलच्या जड पाण्यावर लावला की नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. मग लोहाच्या फवारण्या सुरू होतात आणि पाणी तेच असेपर्यंत संपत नाहीत. तिथे करवंद लावावे, मेंदी लावावी. करवंदाला फळे उन्हाळ्यात येतात, म्हणून त्याची वर्षातली एकच छाटणी फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडाला करावी. फुलेही मिळतात, फळेही मिळतात आणि काट्यांमुळे भटकी जनावरे आत येत नाहीत. जिथे मुले खेळतात तिथे काटे नकोत. तिथे तगर चालेल. निम्म्या सावलीत, जिन्याच्या बाजूला किंवा मोठ्या झाडाखाली अबोलीसारखे झुडूप नाही. दोन-अडीच फुटांच्या वर ती जात नाही आणि तिचा गजरा होतो.

कुंतीबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. कामिनी म्हणूनही ती ओळखली जाते. गडद हिरवी चकचकीत पाने, सरीनंतर दरवळणारी पांढरी फुले, बरीच संथ वाढ, शिवाय आपल्या जंगलांतलीच. पुण्या-मुंबईत मी ती आनंदाने सुचवेन. पण कुंती लिंबाच्या कुळातली आहे आणि लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारा सायला हा कीटक तिच्यावरही वाढतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथला संत्र्याचा धंदा त्याने मोडकळीस आणला. सायला अंडी घालतो फक्त कोवळ्या पालवीवर. कुंतीचे कुंपण दर पंधरा दिवसांनी कापले की त्याला वर्षभर कोवळी पालवी मिळत राहते. नागपूर, अमरावतीच्या संत्रापट्ट्यात बागेला लागून असलेल्या घरांनी, शाळांनी, फार्महाउसांनी कुंतीचे कापीव कुंपण लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जे झुडूप पुण्यात उत्तम, तेच वरूड-मोर्शीत शेजाऱ्याच्या पिकावर उठू शकते. पुण्यात मात्र त्याच कुळाचा फायदा होतो: कुंतीच्या, कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर मॉरमॉन फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला आपण राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळी ज्या माकडलिंबूवर वाढते, ते काटेरी सदाहरित झुडूप किती उद्यानांत लावलेले दिसते?

परदेशी झाड म्हणजे शत्रू, असे मी मानत नाही. बोगनवेल ब्राझीलची असली तरी आपल्या उन्हात ती शोभते आणि पाणी मागत नाही. महामार्गांच्या दुभाजकावरची कण्हेर ही योग्य झुडूप योग्य जागी असल्याचा नमुना आहे. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत ती अडवते, धूर-धूळ सोसते, आणि विषारी असल्याने गुरे तिच्याकडे वळत नाहीत. पण देशीपणाचा आग्रह सोडला तरी सावधगिरी सोडून चालत नाही. आज जंगलाजंगलांतून माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणूनच इथे आणली होती. कोनोकार्पसचेही तसेच: झटपट हिरवळ देतो म्हणून रस्तोरस्ती लावला, आणि २०२३ मध्ये गुजरातला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली.

सोसायटीच्या सभेत दाट झुडपांवर ठरलेला आक्षेप येतो: डास होतील, साप येतील. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. डास दिवसा दाट सावलीत बसतात हे खरे, पण त्यांची पैदास होते ती साचलेल्या पाण्यात, म्हणजे वाफ्याच्या कडेला तुंबणाऱ्या पाण्यात आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. इमारतीच्या भिंतीला लागून दोन फूट मोकळी जागा ठेवली, निचरा नीट केला, फाटकाजवळच्या वळणावर झुडपे अडीच फुटांच्या आत राहतील अशी निवडली, तर भीतीचे कारण उरत नाही. उलट रस्त्याकडेच्या दाट सदाहरित कुंपणामुळे चालणाऱ्याच्या आणि तळमजल्याच्या वाट्याला येणारी वाहनांची धूळ कमी होते. खिडक्यांपर्यंत पोचणाऱ्या उंच भिंतीपेक्षा असे कुंपण कितीतरी सुसह्य.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि घाईचा. बांधकाम व्यावसायिकाला ताबा देण्याच्या दिवशी भरलेली बाग दाखवायची असते, आणि आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रक भरून आलेला ड्युरांटा ती गरज भागवतो. मी समजू शकतो. पण त्या दिवसानंतरची वीस वर्षे तिथे राहणारी माणसे देखभाल खर्चातून त्या बागेचे पैसे भरतात. घाई भागवायची दुसरी सोपी वाट आहे. संथ झुडपे त्यांच्या पूर्ण रुंदीचा अंदाज घेऊन दोन-तीन फुटांवर लावावीत आणि मधल्या रिकाम्या जागेत पहिली दोन वर्षे झेंडू, चिनी गुलाब घ्यावा. कुंपणाकडेच्या पट्ट्यात बहुधा माती नसतेच, बांधकामाचा राडारोडा असतो. तो दीड फूट तरी उकरून काढावा, पोयटा माती आणि कुजलेले शेणखत भरावे, पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करून जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लागवड करावी. गळलेली पाने झाडून जाळू नयेत, बुडाशी पसरावीत. दोन उन्हाळे ठिबक द्यावे. तिसऱ्या उन्हाळ्यात करवंदासारख्या झुडपाला फारसे पाणी लागत नाही आणि कात्री वर्षातून एकदा पुरते.

पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा कार्यालयात नव्या झुडपांचे दरपत्रक येईल. त्यात नाव, पिशवीचा आकार आणि दर असे रकाने असतील. आणखी एक रकाना भरून मागा: न कापता हे झुडूप पाच वर्षांत किती उंच आणि किती रुंद होईल? हा आकडा ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून रोपे घेऊ नका, आणि ज्या रोपाचा आकडा तुमच्या पट्ट्यापेक्षा मोठा असेल ते कितीही स्वस्त असले तरी परत पाठवा.